म्हैसूरला एकटी चाललेय जानेवारीत, सहा दिवस, म्युझियम्स आणि आसपासची ठिकाणं. प्लॅन बघा की जरा

शहापूरची_अक्का
नमस्कार मंडळी. मे महिन्यात शाळेतून रिटायर झाले, तेहतीस वर्षं मराठी शाळेत गेली. आता संक्रांत झाली की म्हैसूरला जायचं ठरवलंय, एकटीनं. ह्यांचे गुडघे साथ देत नाहीत आणि म्युझियममध्ये ते अर्ध्या तासात बाहेरच्या बाकावर जाऊन बसतात, मग माझं निम्मं लक्ष त्या बाकाकडं. लेक पुण्यात आहे, ती म्हणाली आई मी सुट्टी काढून येते, तिलाही नको म्हटलं. मला एकदा तरी एखाद्या वस्तूसमोर वाटेल तेवढा वेळ उभं राहायचंय, मागून कुणी चला चला न म्हणता.

म्हैसूरच का, तर दोन गोष्टींसाठी. माझ्या माहेरी, बेळगावच्या अनगोळला, स्वयंपाकघराच्या दाराशी कॅलेंडरातनं कापून फ्रेम केलेलं एक चित्र होतं, एका हातात दिवा धरलेली आणि दुसऱ्या हातानं ज्योतीला आडोसा केलेली बाई. आई म्हणायची रविवर्म्याचं चित्र. मीही तेच समजून होते. कितीतरी वर्षांनी कळलं की ते सावळाराम हळदणकरांचं, आणि हळदणकर मूळचे सावंतवाडीचे, म्हणजे आपल्याकडनं आंबोली उतरलं की आलंच त्यांचं गाव. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. दुसरी गोष्ट श्रवणबेळगोळचा जुना मराठी शिलालेख. 'श्री चावुंडराजें करवियलें' हे मी फळ्यावर दरवर्षी लिहायची, मुलांकडनं पाठ करून घ्यायची, आणि आपल्याच राज्यात असून मी ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही. हे मनाला लागून राहिलंय.

प्लॅन असा केलाय. सोमवारी पोचून दुपारी मोठा पॅलेस. मंगळवारी झू, जगनमोहन आणि रेल्वे म्युझियम. बुधवारी श्रीरंगपट्टण आणि वृंदावन गार्डन. गुरुवारी उटी. शुक्रवारी श्रवणबेळगोळ, हळेबीड, बेलूर. शनिवारी सोमनाथपूर करून रात्री परत. थंडीचे कपडे किती घ्यावेत, उतरायचं कुठं, बसनं हिंडता येतं का सगळं सांगा.

टिळकवाडी_लोकल
अक्का, पहिलं म्हणजे उटी आजच्या आज काढून टाका. म्हैसूरहून सव्वाशे किलोमीटर, बंडीपूरच्या जंगलातनं रस्ता, मसिनगुडीकडनं गेला तर छत्तीस हेअरपिन, अख्खा दिवस गाडीतच जाणार आणि हातात एक चहाचा पुडा घेऊन परत येणार. दुसरं, मंगळवारी झू बंद असतं. तिसरं, सोमवारी पोचताय म्हणजे रविवारची रोषणाई चुकली की ओ. रविवारी आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमाराला पॅलेसचे दिवे लावतात, लाखभर बल्ब एकदम लागतात, पाऊण तास राहतात आणि बंद. मी दोनदा बघितलंय, दोन्ही वेळेला लागताना अख्खी गर्दी एका आवाजात 'हा' म्हणाली. एक दिवस आधी निघा, बाकी काय पण करा.

आणि तुम्ही जे लिहिलंय ना, वाटेल तेवढा वेळ उभं राहायचंय, ते तुमच्या प्लॅनमध्ये कुठंच दिसत नाही. मंगळवारी तीन ठिकाणं, शुक्रवारी तीन गावं. ही टूरवाल्यांची यादी झाली.

चिकोडी_एक्सप्रेस
गाडीचं मी सांगतो. बेळगाव म्हैसूर थेट विश्वमानव एक्सप्रेस आहे पण ती दिवसाची, भल्या सकाळी निघून रात्री पोचवते, खिडकीत बसायची आवड असेल तर चांगली नाहीतर पाठ मोडते. बेंगळूरला जाणारी वंदे भारत २०२५ च्या ऑगस्टपासून बेळगावपर्यंत आलीय, तीही पहाटेची, दुपारी बेंगळूर, पुढं म्हैसूरला गाड्या ढीगभर. पण तुम्हाला मी सांगेन रात्रीची बेळगाव बेंगळूर सुपरफास्ट घ्या शनिवारी. जेवून बसायचं, सकाळी बेंगळूर, तिथनं म्हैसूर दोन अडीच तास, रविवारी दुपारच्या आधी खोलीत. लोअर बर्थ मागून घ्या, सीनियर सिटिझन कोट्यात बसत असाल तर मिळतोच बहुतेक. वेळापत्रक मात्र निघायच्या आधी एकदा बघून घ्या, बदलत असतात.

आणि रेल्वे म्युझियम जगनमोहनच्या दिवशी कोंबू नका. १९७९ चं आहे ते, दिल्लीच्या खालोखाल देशातलं दुसरं. महाराणीचा सलून डबा आहे १८९९ चा, त्यात स्वयंपाकाची जागासुद्धा आहे. तुम्ही स्वयंपाकघरातल्या चित्रासाठी एवढ्या लांब चाललाय म्हणजे धावत्या गाडीत चूल कशी बसवली होती ते बघायला तुम्हाला आवडणार. स्टेशनजवळच आहे, सावकाश एक सकाळ द्या.

हल्याळचा_पोरगा
काकू मी हल्याळचा, नऊ वर्षं झाली म्हैसुरात नोकरीला. आई दरवर्षी थंडीत येती माझ्याकडं म्हणून सांगतो, स्वेटर एक आणि शाल एक बस झालं. म्हैसूर आणि बेळगाव दोन्ही साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहेत, हवा जवळपास तीच. पहाटे गारठा, दुपारी ऊन. टोपी घ्या उन्हाची, ती लोक विसरतात.

तुम्ही संक्रांतीनंतर येताय हे लई बरं केलं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पॅलेसमध्ये मागी उत्सवाचं फुलांचं प्रदर्शन असतं आणि सगळ्या कर्नाटकातल्या शाळांच्या सहली त्याच वेळी, उभं राहायला जागा नसती. जानेवारीत सहली चालूच असतात पण कमी. पॅलेसला सकाळी दहाला उघडायच्या वेळेला जावा. चप्पल बाहेर काढायला लागते, फरशी गार असते. आत कल्याणमंडपात गेला की वर बघा, रंगीत काचेचं छत आहे मोरांचं, ग्लासगोहून आणवलेलं, खांबपण तिकडचेच ओतीव लोखंडाचे. जुना लाकडी राजवाडा १८९७ मध्ये लग्नाच्या धामधुमीत जळाला म्हणून नव्यात एवढं लोखंड आणि दगड, नवा १९१२ ला पुरा झाला, हेन्री आयर्विन आर्किटेक्ट. मंडपाच्या भिंतींवर दसऱ्याच्या मिरवणुकीची चित्रं आहेत ती बघत फिरलं की एकेक माणूस ओळखीचा असल्यासारखा वाटतो, खऱ्या माणसांवरनं काढलीत ती.

एक गोष्ट नक्की घ्या, दुर्बीण. छोटी, पक्षी बघायची. रंगनतिट्टूला लागेल आणि देवळांच्या छतालापण. आई पहिल्यांदा नको म्हणत होती, आता पिशवीत तीच आधी टाकती.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. आपलं कन्नड ऐकलं की इथले लोक लगेच विचारतात हुबळ्ळि कडेयवरा, म्हणजे हुबळीकडचे का म्हणून, कारण आपण हौद्री (हो जी), बर्री (या जी), एन्री (काय जी) म्हणतो आणि हे लोक 'री' एवढं लावत नाहीत. आपलं बोलणं त्यांना गोड वाटतं, मला घरमालकिणीनं पहिल्या दिवशी सांगितलेलं. मराठीत फोनवर बोलला म्हणून आजवर मला कुणी काही म्हटलेलं नाही.

गणेशपूर_बापू
बाई, मी वयानं मोठा आहे म्हणून लिहितो, राग मानू नका. एकटीनं जायचं कारण कळलं, पण तब्येतीचं काय? श्रवणबेळगोळला पायऱ्या आहेत, पडलात झडलात तर ओळखीचं कोण? एखादी मैत्रीण बरोबर घ्या.

शहापूरची_अक्का
बापू, राग कसला, काळजीनं लिहिलंत. मैत्रिणींना विचारलं होतं. दोघी तयार आहेत पण त्यांना चामुंडी, नंजनगूड आणि साडीचं दुकान एवढंच हवंय, त्यात वाईट काही नाही, त्यांची आवड वेगळी. मी सहलीला मुलं घेऊन पंचवीसएक वेळा गेले असेन, विजापूर, बदामी, हंपी. दर वेळी डोकी मोजत फिरले. गोल घुमटासमोरच्या म्युझियममध्ये मी सात वेळा गेलेय आणि मला तिथली एक वस्तू आठवत नाही, मुलांची नावं मात्र आठवतात. आता मोजायला कुणी नको. बीपीची गोळी, डॉक्टरचं कागद, लेकीला रोज सकाळ संध्याकाळ फोन, एवढं सगळं ठरलंय.

वडगावची_वहिनी
अक्का जावाच तुम्ही. फक्त उतरायचं आधी पक्कं करून जावा, तिथं जाऊन शोधू असं नको. मी मागं एका दुसऱ्या गावी परीक्षेच्या ड्यूटीला गेले होते, संध्याकाळी साडेसातला एका लॉजवाल्यानं एकटी बाई म्हणून खोली दिली नाही, आधार दाखवलं, सरकारी पत्र दाखवलं, तरी नाही. त्या रात्री सहकाऱ्याच्या बहिणीकडं झोपले. तेव्हापासून मी फोन करून सरळ विचारते, एकटी आहे, रात्री उशिरा येणार, चालेल का, आणि मेसेजवर उत्तर मागते. म्हैसूरला आम्ही सरकारी मयुरा होयसळला राहिलो होतो, झाशी लक्ष्मीबाई रोडवर, स्टेशन चालत आणि बाहेर रिक्षा. जुनी इमारत आहे, झगमगाट नाही, पण बायकांना बिनघोर वाटतं.

चंदगडी_मिरची
बसचं कुणी बोललंच नाही अजून. अक्का तुमचं आधार बेळगावचं ना? मग तुम्हाला शक्ती योजना आहे की, ११ जून २०२३ पासून. साध्या आणि एक्सप्रेस सरकारी बसमध्ये कर्नाटकातल्या बायकांना तिकीट शून्य. श्रीरंगपट्टण, बन्नूर, चन्नरायपट्टण सगळं फुकट होईल. राजहंस, ऐरावत, स्लीपर त्यात येत नाहीत तेवढं बघा. माझं माहेर बेळगाव, सासर चंदगड, आधार महाराष्ट्राचं झालं लग्नानंतर, त्यामुळं मी शिनोळीहून तीस मिनिटांत बेळगावात येते पण ती सवलत मला नाही. माझ्या बहिणीला आहे. दोघी एका बसमध्ये बसलो की एकीला शून्याचं तिकीट नि एकीला पैशाचं. तुम्ही मात्र घ्या, तुमच्या हक्काचं आहे. आधारवरचा पत्ता वाचता येईल असा ठेवा, कंडक्टर बघतो.

खानापूर_रानवाटा
सोमनाथपूरबद्दल मला थोडं लांबण लावू द्या कारण माझ्या जिवाचा विषय आहे.

अक्का, जायच्या आधी एक रविवार बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्तीत जावा. तुम्ही शंभर वेळा तिथनं गेला असाल. यावेळी आत मंडपात उभं राहा आणि फक्त वर बघा, छतातनं खाली लोंबणारं ते दगडाचं कमळ. १२०४ चं आहे, रट्टांच्या चौथ्या कार्तवीर्याच्या काळात बीचिराजानं बांधलं. पाकळ्यांचे थर मोजा, कुठला थर आत कुठला बाहेर ते बोटानं हवेत काढून बघा. मग जमलं तर आमच्याकडं देगावला या, कमलनारायणाचं देऊळ, कदंबांचं, बाराव्या शतकातलं, राणी कमलादेवीनं करवलेलं. तिथं कुणीही नसतं, म्हशी चरत असतात. हे दोन नीट बघून झालं की मग सोमनाथपूर.

ते १२५८ चं. होयसळांचा दंडनायक सोमनाथ यानं बांधलं. तीन गाभारे, केशव, जनार्दन, वेणुगोपाल, त्यातली मूळ केशवमूर्ती आता नाही. मंडपाला सोळा छतं आहेत आणि एकसारखं एकही नाही. बहुतेक लोक बाहेरच्या भिंतीवरची हत्तीची रांग बघून फोटो काढून जातात, आत अंधार वाटतो म्हणून थांबत नाहीत. आत जाऊन दहा मिनिटं नुसतं बसायचं, डोळे सरावले की छतं एकेक उघडत जातात. मल्लितम्मा नावाच्या शिल्पकारानं आपली सही ठिकठिकाणी कोरलीय मूर्तीखाली, कन्नडमध्ये, ती शोधायला लहान पोरासारखी मजा येते. दगड मऊ असतो तो, खाणीतनं काढला की चाकूनं कोरावा असा आणि हवेत राहून पुढं घट्ट होतो, म्हणून दागिन्याचा एकेक मणी सुटा दिसतो. आपल्या बेळगावकडच्या देवळांतही तसाच दगड आहे बऱ्याच ठिकाणी. २०२३ ला बेलूर, हळेबीड आणि हे, तिन्ही मिळून युनेस्कोच्या यादीत गेलीत.

तेव्हा बेलूर हळेबीड ह्या खेपेला सोडा. एकच होयसळ देऊळ बघा पण दिवसभर बघा. म्हैसूरहून बन्नूरला बस, तिथनं दुसरी. डबा घेऊन जावा, आसपास खायला फारसं नाही.

निपाणीकर
दोन मुद्दे. एक, नवी कोल्हापुरी घालून जाऊ नका. मी चपलांच्या धंद्यातला माणूस आहे, अथणी निपाणीचा माल विकतो, तरी सांगतो. चार दिवस चालायचं असेल तर पायाला सरावलेलंच पायताण घ्या. श्रवणबेळगोळला विंध्यगिरीवर अनवाणीच जायचं असतं, सहाशेवर पायऱ्या थेट डोंगराच्या खडकात खोदलेल्या, उन्हात तापतात. पायथ्याला मोजे मिळतात ते घ्या आणि सातच्या आत चढायला लागा. नाही झेपलं तर डोली असते.

दोन, शिलालेख. अक्का तुम्ही शिक्षिका, तुम्हाला माहीत असणारच, पण इथं वाचणाऱ्यांसाठी लिहितो. गोमटेश्वराची मूर्ती चावुंडरायानं उभी केली, गंगांचा मंत्री आणि सेनापती, साल ९८१ धरतात. सत्तावन्न फूट, एका दगडात. पायाशी दोन्ही अंगाला लेख आहेत, कन्नडमध्ये, तमिळमध्ये आणि नागरीत. नागरीतल्या दोन ओळी म्हणजे 'श्री चावुंडराजें करवियलें' आणि 'श्री गंगराजे सुत्ताले करवियले'. सुत्ताले म्हणजे भोवतीचा ओवरीवजा परकोट, कन्नड 'सुत्तु' म्हणजे भोवती, तेच. आता गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकातला. म्हणून अभ्यासकांतले काही म्हणतात की दोन्ही नागरी ओळी त्याच वेळी कोरल्या, मग अलिबागजवळच्या अक्षीचा १०१२ चा मराठी लेख त्याहून जुना ठरतो. वाद आहे. मला त्या वादापेक्षा दुसरंच मोठं वाटतं, एका जैन मूर्तीच्या पायाशी तीन भाषा शेजारीशेजारी बसल्यात आणि मराठी वाक्याच्या पोटात एक कन्नड शब्द आहे. आपण सीमेवर राहणारी माणसं, आपण रोज असंच बोलतो.

टिळकवाडी_लोकल
निपाणीकर, सुत्तालेचा अर्थ आज कळला. आईशप्पथ अंगावर काटा आला.

हल्याळचा_पोरगा
काकू श्रवणबेळगोळ एका दिवसात म्हैसूरहून जाऊन येऊन पण होतंय, पंच्याऐंशी एक किलोमीटर, चन्नरायपट्टणाला बस बदलायची. पण सातच्या आत चढायचं तर आदल्या रात्री तिथंच राहा, मठाची अतिथीगृहं आहेत. म्हणजे ते शेवटी ठेवा आणि परत म्हैसूरला येऊच नका. चन्नरायपट्टण बेंगळूर मंगळूर हायवेवर आहे, बेंगळूरला बस सारख्या, तिथनं रात्रीची बेळगाव गाडी. कुणी अर्सिकेऱ्याहून गाडी पकडा म्हणेल पण ती रात्री उशिरा येती, एकट्यानं प्लॅटफॉर्मवर बसायला नको.

श्रीरंगपट्टणला बुधवारी दर्या दौलत बागेतला टिपूचा महाल, १७८४ चा, पश्चिमेच्या भिंतीवर पोलिलूरच्या १७८० च्या लढाईचं चित्र आहे अख्खी भिंतभर. मधोमध पालखीत बसलेला इंग्रजांचा कर्नल बेली शोधा, तोंडात बोट घालून बसलाय. आणि बागेत बसून हेही आठवा की १७९२ च्या तहाच्या वेळी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन याच गावाबाहेर छावणी टाकून होते, त्याच्या आधी परशुरामभाऊंनी धारवाडला वेढा घातलेला. आपल्या वाटेवरनंच गेले ते.

रंगनतिट्टू तिथनं रिक्षानं जवळ. वृंदावन गार्डनऐवजी तिकडं जावा. १९४० साली सलीम अलींच्या सांगण्यावरनं अभयारण्य झालं, जानेवारीत चित्रबलाक, पेलिकन, चमच्यासारख्या चोचीचे पक्षी सगळे दिसतात. पहिल्या बोटीत बसा, वनखात्याची असती. मगरीपण दिसतात खडकावर.

शहापूरची_अक्का
सगळ्यांचे मनापासून आभार. प्लॅन नवा केला. शनिवारी रात्री बेळगावहून. रविवारी आराम आणि दिवे. सोमवारी पॅलेस. मंगळवार अख्खा जगनमोहन, दुसरं काही नाही. बुधवारी श्रीरंगपट्टण रंगनतिट्टू. गुरुवारी सोमनाथपूर. शुक्रवारी सकाळी रेल्वे म्युझियम, देवराज मार्केट, दुपारी श्रवणबेळगोळला मुक्कामाला. शनिवारी पहाटे वर. खोली मयुराला बोलून ठेवली. नातवाची दुर्बीण मागून घेतली. काल कमल बस्तीत जाऊन दीड तास बसले, वॉचमन दोनदा डोकावून गेला. घरमालकिणीला, म्हणजे हल्याळच्या ह्या पोराच्या, काय न्यावं? कुंदा की मांडे?

वडगावची_वहिनी
मांडे नको, चुरा होऊन पोचतील. कुंदापण दोन दिवसाच्या प्रवासात नको. गोकाकचं करदंट न्या, टिकतं आणि तिकडं मिळत नाही.

शहापूरची_अक्का
काल सकाळी घरी आले. पाय सुजलेत, बाकी ठणठणीत. सविस्तर लिहायचं कबूल केलं होतं म्हणून बसलेय.

रोषणाई, पॅलेस, पक्षी, तुम्ही सांगितलंत तसंच सगळं, त्यात माझी भर नाही. बेली सापडला, बोट तोंडात घालूनच आहे. रेल्वेच्या सलूनमध्ये महाराणीची चूल बघून चिकोडीकरांची आठवण काढली. बन्नूरला एक बस हुकली, तासभर स्टँडवर बसले, शेजारी एक आजी लिंबं घेऊन बसलेली, तिच्या शेतातली, चार लिंबं हातात ठेवून पैसे घेतले नाहीत.

सोमनाथपूरला मी मंडपात बसले होते तेव्हा एक सहल आली, बागलकोटकडची मुलं, त्यांच्या बाई पुढं उभ्या राहून डोकी मोजत होत्या आणि लवकर लवकर म्हणत होत्या. मला तो आवाज माझाच वाटला. एका मुलीनं मी वर काय बघतेय म्हणून विचारलं तर दुर्बीण दिली तिला. ती म्हणाली केळफूल आहे. मी इतका वेळ कमळ कमळ म्हणत होते, खरंच केळफुलासारखं आहे ते, निमुळतं, खाली टोक आलेलं. मग बाईंनी हाक मारली.

मंगळवारी जगनमोहनला उघडायच्या वेळेला गेले. आधी बाकीचं बघितलं, रविवर्म्याची चित्रं, फ्रेंच घड्याळ, मन मात्र पुढंच धावत होतं. ते चित्र अंधार केलेल्या जागी लावलंय. पहिल्यांदा बघितलं आणि मला वाटलं मागं खरा दिवा ठेवलाय. नाही, नुसता कागद आणि पाण्याचे रंग. आमच्या घरचं कॅलेंडर धुरानं पिवळं पडलेलं, त्यात तिच्या आडोशाच्या हाताची बोटं काळपट दिसायची. इथं ती बोटं आतनं तांबूस आहेत, जसं आपण लहानपणी टॉर्चवर हात धरून बघायचो तसं. करंगळीच्या कडेला सगळ्यात जास्त उजेड, आणि तो मनगटाकडं येईपर्यंत विरत गेलाय, कुठं संपला ते बोट ठेवून सांगता येत नाही. १९४५-४६ चं चित्र, हळदणकरांनी स्वतःच्या मुलीला दिवा घेऊन उभं केलं होतं. ती मुलगी पुढं कोल्हापुरात राहिली, शंभरी ओलांडून २०१८ ला गेली. आई हयात असेपर्यंत ती इतक्या जवळ, कोल्हापुरात होती, आणि आई म्हणत होती रविवर्म्याची कुणी देवी असेल.

मी सव्वा तास होते तिथं. लोक येत होते, बघून जात होते. गार्ड मामांनी शेवटी विचारलं, नीवु टीचर् आ, तुम्ही शिक्षिका का? हौद्री म्हटलं. मग त्यांनी त्यांची खुर्ची आणून दिली. बसूनपण बघितलं, बसल्यावर ती उंच वाटते.

शनिवारी साडेसहाला चढायला लागले. मोजे घेतले, निपाणीकर. मधे चार वेळा बसले, डोली नाही घेतली. वर पोचले तेव्हा ऊन नुकतं त्याच्या खांद्यावर आलं होतं, पायाशी अजून सावली. कठड्यापासनं अक्षरं दिसतात पण माझ्या डोळ्यांना नीट लागेनात, तेव्हा पक्ष्यांची दुर्बीण काढली. 'श्री' लागला. मग एकेक अक्षर. 'करवियलें' पर्यंत आले आणि मोठ्यानं वाचलं गेलं, शाळेत वाचायची तसं तोडून तोडून. शेजारी एक म्हातारे जैन गृहस्थ होते, सांगलीकडचे, ते म्हणाले बाई परत एकदा वाचा, माझा चष्मा खाली राहिलाय. परत वाचलं. दुसरी ओळ पण वाचली आणि त्यांना सुत्ताले म्हणजे काय ते सांगितलं, निपाणीकरांनी सांगितलेलं, हातानं भोवतीची ओवरी दाखवून. ते तिकडं वळून ओवरीकडं बघत राहिले.

निपाणीकर
अक्का, दुकानात बसून वाचलं, गिऱ्हाईक थांबवून ठेवलं होतं.

चंदगडी_मिरची
शून्याची तिकिटं किती जमली?

शहापूरची_अक्का
अकरा. वहीत चिकटवलीत, प्रत्येकीखाली गावाचं नाव लिहून. बहिणीला घेऊन या एकदा शहापूरला, दाखवते. आणि बापू, पुढच्या थंडीत हे म्हणतायत मी पण येतो, बाहेर बाक असलेलं म्युझियम बघ. हैदराबादचं सालारजंग कुणी नीट बघितलंय का, किती दिवस लागतात?